शब्दचर्चा : हेवी म्हणजे भारी, जड, की गुरू?

धागाकर्ता

मंडळी, रॉकवर मराठीत गप्पा मारताना 'हेवी' या शब्दापाशी गाडी हटकून अडते. 'लेड झेपेलिन भारी आहे' म्हटलं की आपल्याला तो बँड आवडतो, एवढंच समोरच्याला कळतं. 'लेड झेपेलिन हेवी आहे' म्हटलं की लगेच दोन तट पडतात. त्यात बोलताना 'हेवी मजा आली' असंही आपण सर्रास म्हणतो, म्हणजे हा हेवी पुन्हा त्या भारीलाच जाऊन मिळाला. 'जड' म्हणावं तर समजायला अवघड असं काहीतरी वाटतं.

तर प्रश्न दोन आहेत. बँड हेवी आहे असं म्हणताना तुम्हाला नेमकं काय म्हणायचं असतं? आणि त्याला मराठीत बरा शब्द आहे का? 'हेवीच म्हणा की राव' हे उत्तर मला ठाऊक आहे, ते सोडून सांगा.

जुना_कान

हेवीच म्हणा की राव.

बरं, चेष्टा पुरे. आधी मोठा आवाज म्हणजे हेवी हा समज काढून टाकू. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये डीप पर्पलचा आवाज ११७ डेसिबल भरला आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून त्यांची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. १९७६ मध्ये 'द हू'ने चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर १२६ पर्यंत मजल मारली. आता 'द हू'ला हेवी मेटल, म्हणजे रॉकमधल्या त्या जाड, फाटक्या गिटारींच्या प्रकारातलं, म्हणणारा एक माणूस मला दाखवा. पुढे लोकांचे कान जातील म्हणून गिनीजने हा विक्रमच नोंदवायचा बंद केला. माझी कसोटी साधी आहे. आवाज अगदी बारीक करून लावा, शेजारच्या खोलीत जा, आणि तरीही छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटलं, तर ते हेवी.

वेगवेडी

शेजारच्या खोलीत जाऊन रॉक ऐकणारे लोक असतात हे आज कळलं.

माझ्यासाठी हेवी म्हणजे दम लागला पाहिजे. स्लेयर या मेटल बँडचा १९८६ चा 'रेन इन ब्लड' हा अल्बम घ्या. दहा गाणी, सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटं. ऐकून झाल्यावर माणूस दोन मिनिटं नुसता बसून राहतो. हे हेवी नसेल तर तो शब्दच ठेवू नका.

खर्जवाला

वेगवेडीताई, वेगाने हेवीपणा ठरणार असेल तर नेपाम डेथचं ते सव्वा सेकंदाचं गाणं जगात सर्वांत हेवी मानावं लागेल. ते सर्वांत छोटं म्हणून गिनीजमध्ये आहे, सर्वांत हेवी म्हणून नाही. आणि स्लीप नावाच्या बँडने तासाभराचं एकच गाणं केलंय, इतकं संथ की मध्ये उठून आंघोळ करून आलात तरी तीच रिफ, म्हणजे गिटारची तीच फिरून फिरून येणारी धून, चालू असते. त्याला काय म्हणायचं? हलकं?

स्लेयर मलाही आवडतो, पण तो 'तिखट' आहे. हेवी वेगळं.

बाकी ज्याने कोणी बेसशिवाय (खर्जातल्या गिटारशिवाय) हेवी बँड ऐकला असेल त्याने हात वर करा. मी वाट बघतो.

वेगवेडी

तुमच्या वाट बघण्याची सवय असलेल्यांनाच तुमची तासाभराची गाणी आवडतात, खर्जराव.

धागाकर्ता

झेपेलिनचं कोणीच बोलत नाहीये. एक गंमत बघा. 'हेवी मेटल'चं शब्दशः मराठी 'जड धातू', आणि तो शब्द रसायनशास्त्राने आधीच घेऊन ठेवलाय : शिसं, पारा वगैरे. आता लेड म्हणजे शिसंच. लोकांनी 'लीड' वाचू नये म्हणून त्यांनी नावातलं एक अक्षर गाळलं, इतकंच. म्हणजे ज्यांच्या पाटीवरच जड धातू आहे त्यांनाच मेटलच्या पंगतीतून उठवायचं?

जुना_कान

पाटीवरून ठरवायचं तर आयर्न बटरफ्लायला काय म्हणाल? लोखंडाचं फुलपाखरू! त्यांच्या १९६८ च्या पहिल्या अल्बमचं तर नावच 'हेवी'. त्याच वर्षी स्टेपनवुल्फच्या गाण्यात 'हेवी मेटल' हे शब्द आले, पण तिथे ते मोटरसायकलच्या गडगडाटाबद्दल होते. संगीताच्या प्रकाराला ते नाव नंतर चिकटलं.

आणि इथेच दोन गोष्टींची सरमिसळ होते. 'हेवी मेटल' हे घराण्याचं नाव आहे, 'हेवी' हे विशेषण. घराण्यात नसलेला माणूसही ती चीज गाऊ शकतो की. मोटरहेडचा लेमी दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'आम्ही रॉक अँड रोल वाजवतो' असं ठणकावून सांगायचा. मेटलवाले तरी त्याला आपलाच मानत आले. घराणं नाकारलं म्हणून त्याच्या बेसचं वजन कमी झालं का?

झेपेलिनचंही तेच. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' पुन्हा ऐका. हेडली ग्रेंजच्या जुन्या घरात जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्यामुळे ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती सगळी उंच पोकळी वाजते. शिवाय ध्वनिमुद्रण झाल्यावर टेपची गतीही थोडी उतरवली. त्यात गिटारची करामत फारशी नाही, वेग नाही, आरडाओरडा नाही. मेटल ते नक्कीच नाही. पण हेवी? तुम्हीच सांगा.

षड्ज

मी रॉकमध्ये नवखा आहे, मूळचा गाण्याच्या बैठकीतला. पण इथे कोणी स्वरांबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो.

मेटलची गिटार ऐकताना मला पहिली गोष्ट जाणवली ती ही की ते ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात त्यात गांधारच नसतो. नुसते षड्ज-पंचम. शुद्ध गांधार नाही, कोमलही नाही, त्यामुळे ते आनंदीही वाटत नाही आणि उदासही नाही. तानपुऱ्याची जोडीच जणू, फक्त चिडलेली.

यामागे आवाजाचं गणित आहे. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, तिचा पंचम १२३ च्या आसपास. अँप्लिफायर फाटेस्तोवर चढवला की तो या दोन स्वरांमधून नवे स्वर तयार करतो, आणि त्यातला एक असतो दोघांमधल्या फरकाचा : ४१ हर्ट्झ. हा षड्जाच्या बरोब्बर एक सप्तक खाली. म्हणजे कोणी न छेडलेला खर्ज आपोआप ऐकू येतो! मध्ये शुद्ध गांधार घातलात तर फरक विसेक हर्ट्झवर येतो आणि नुसता गढूळ गडगडाट उरतो. म्हणून गांधार गाळतात. स्वच्छ, न फाटलेल्या आवाजात हे घडत नाही.

खर्जवाला

४१ हर्ट्झ म्हणजे माझ्या बेसची सर्वांत जाड तार! इतकी वर्षं गिटारवाले माझाच स्वर फुकटात वाजवत होते तर. तरीच म्हणतात, 'बेस ऐकूच येत नाही.'

धागाकर्ता

षड्ज, हे झकास सांगितलंत. मग हेवी म्हणजे 'खर्जातला' असं म्हणायचं का?

जुना_कान

जवळ आलो, पण अजून पोचलो नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली येऊन त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. वय १७. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या. तरी ताण नको म्हणून १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर काही गाण्यांत गिटारच खाली उतरवली. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी एकवर. गीझर बटलरनेही बेस तेवढाच उतरवला. तारा सैल झाल्या आणि आवाज जाड झाला. ब्लॅक सॅबथच्या ज्या जाडपणाची पुढे शेकडो बँडनी नक्कल केली, त्याच्या मुळाशी दुखरी बोटं आहेत.

पण खर्जवाले, लक्षात घ्या, १९७० च्या पहिल्या अल्बममध्ये गिटार अजून नेहमीच्या पट्टीतच होती. तरी पहिलंच गाणं हेवी आहे. तीन स्वर : सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यमावर येऊन थबकणं. युरोपात या सा-तीव्र म जोडीला 'संगीतातला सैतान' म्हणत.

वेगवेडी

आणि स्लेयरने १९९८ च्या अल्बमला तेच नाव लॅटिनमध्ये दिलंय. मुद्दा मांडला, चालू द्या.

षड्ज

आमच्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात असतो, त्यात कोणाला सैतान दिसत नाही! पण तिथे तो पंचमाकडे निघालेला असतो. सॅबथ त्याला तिथेच उभा करतात, पुढे जाऊच देत नाहीत. ऐकणाऱ्याचा जीव टांगलेला राहतो.

यावरून शब्द सुचला. वृत्त शिकताना आपण लघु-गुरू शिकलो. गुरू म्हणजे जड. अक्षर जड कशाने होतं? मोठ्याने म्हटल्याने नाही, खालच्या स्वरात म्हटल्यानेही नाही. त्याला दोन मात्रा लागतात म्हणून. म्हणजे आपल्या छंदशास्त्रात वजन हे वेळेत मोजलंय. स्वर उमटतो आणि पुढच्याला लवकर जागा देत नाही, तो गुरू. बॉनमचा जिन्यातला ठोका गुरू, सॅबथचा अडवून धरलेला मध्यम गुरू, ते तासाभराचं गाणं तर महागुरू.

वेगवेडी

व्याख्या सुंदर आहे आणि मला मान्य नाही. 'रेन इन ब्लड'चं शेवटचं गाणं ज्या रिफवर उभं आहे, तिच्या आधी काही क्षण ड्रमचे सुटे ठोके पडतात. तिथे लय निम्मी झाल्यासारखी वाटते आणि मग ती रिफ कोसळते. तुमचा गुरू तिथे आहे. पण आजूबाजूला लघूंची झोड नसती तर तो कळलाच नसता. नुसत्या गुरूंचं वृत्त तुम्ही तरी किती वेळ म्हणाल?

षड्ज

हे पटलं. विद्युन्माला म्हणून पाहिलीत तर कळेल, सगळे गुरूच, चार ओळींत माणूस डुलायला लागतो.

खर्जवाला

मग स्लीपवाल्यांचं वृत्त विद्युन्माला. अल्बमवर छापा कोणीतरी.

जुना_कान

मेटालिकाच्या १९९१ च्या काळ्या अल्बमवरचं जुनं भांडणही यात बसतं. जुने चाहते म्हणत होते, हे मवाळ झाले. नवे म्हणत होते, इतके हेवी कधीच नव्हते. गती उतरली होती, 'सॅड बट ट्रू'साठी गिटारही एक पूर्ण स्वर खाली आणली होती. जुन्यांच्या लेखी हेवी म्हणजे वेगवेडीताईंचं हेवी, नव्यांच्या लेखी षड्जांचं. दोघं एकाच शब्दावरून वेगळंच भांडत होते.

वेगवेडी

मी जुन्यांच्या बाजूने. नोंद असू द्या.

धागाकर्ता

बोलताना 'गुरू बँड' म्हटलं तर लोक भलताच अर्थ घेतील, त्यामुळे तो शब्द वृत्तापुरताच ठेवू. 'जड' अवघडपणाकडे झुकतो. 'बोजड' मात्र मला राखून ठेवायचाय, ज्या गाण्यात वजन आहे पण हालचाल नाही त्याच्यासाठी. 'वजनदार' चालेल का? 'या रिफला वजन आहे' हे वाक्य मी उद्यापासून वापरणार.

खर्जवाला

'वजन आहे' चालेल. 'वजनदार'ने पुढारी डोळ्यांसमोर येतो. आणि 'बोजड'ची यादी कराल तर मला आधी दाखवा, माझे निम्मे बँड त्यात निघतील.