प्राथमिकचं गणित घरच्यांनीही शिकवायचं की शाळेनंच?

गोदाकाठ
२०२२ पासून आपल्या झेडपी शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे आणि माता गट सुरू झाले. वाडीतल्या चार-पाच आया एकत्र बसणार, मोबाईलवर एखादी कृती येणार, ती पोरांकडून करून घ्यायची. माझं स्पष्ट मत आहे की पहिली-दुसरीचं गणित याच वाटेनं जायला हवं. शिकवणी नको, वर्कशीट नको. मटार सोलताना दाणे मोज, दहा-दहाचे ढीग कर, एसटीचं हाफ तिकीट किती होईल सांग. दशक म्हणजे काय ते ढिगातून कळतं, फळ्यावरच्या रकान्यातून नाही. आई शाळा शिकलेली नसली तरी रोजचा हिशोब तिला येतोच ना.

पाटीपेन्सिल
मी तिसरीला शिकवतो आणि मला हे अर्धंच पटतं. वर्गात एक मुलगी आहे, आई आठवडी बाजारात भाजी विकते. तिला विचारलं, पंधराच्या तीन जुड्या मेथी, शंभरची नोट दिली, परत किती? लगेच म्हणाली पंचावन्न. कसं गं? "पंचेचाळीस, पाच टाकले पन्नास झाले, अन् वरचे पन्नास." तीच वजाबाकी वहीत उभी मांडून दिली, वर १०० खाली ४५, तर उत्तर १४५! शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाचातून शून्य घालवलं, तसंच चारातून, आणि एक खाली उतरवला. शंभरातून काही काढल्यावर शंभराहून जास्त कसे उरले हा प्रश्नच तिला पडला नाही, कारण तिच्या लेखी वही वेगळी आणि बाजार वेगळा.
अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या टीमचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचं हेच दिसलं, आणि शाळेतल्या मुलांचं बरोबर उलटं, वहीतलं येतं पण बाजारातला हिशोब अडतो. म्हणून म्हणतो, घरी हिशोब आला म्हणजे गणित आलं असं नाही. ते वहीशी जोडून देणं मास्तरचंच काम आहे.

सानपाडा_आई
कुटुंबाचा सहभाग म्हणता आणि गटाचं नाव मात्र माता गट. बाप कुठंयत? मी साडेसातला घरी येते, आणि नऊ वाजता शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो, उद्या आइसक्रीमच्या काड्यांचे दहा गठ्ठे पाठवा. त्या काड्या मीच शोधते, मीच बांधते, पोरगं तोवर झोपलेलं असतं, यात त्याचं गणित कुठं झालं सांगा?

गोदाकाठ
ताई, गठ्ठे पोरानं बांधायचे असतात, तुमच्या शाळेनं ते नीट सांगायला हवं होतं. पण गुरुजी, सगळं शाळेवर टाकून भागत नाहीये. मुलांना वाचन-गणित किती येतं ते गावोगाव तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांनाच वजाबाकी आली. २०२२ च्या २५.९ पेक्षा बरंय, तरी तिघांतले दोघं मागेच. चाळीस पोरांच्या वर्गात एकेकाला "कसं केलंस" विचारायला वेळ कुणाला मिळतो? घरी मिळतो.

देशावरचा
आमच्या आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, तोंडपाठ करून घेतली, त्यावर आजही दुकान चालतंय. आता पाढे म्हणवून घेतले तरी घोकंपट्टी म्हणतात. आणि २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं वीस एक आणलं तेव्हा आम्हा पालकांना कुणी विचारलं होतं? आम्ही घरी एक म्हणायचं, शाळेत दुसरं.

पाटीपेन्सिल
दादा, त्या पुस्तकात दोन्ही पद्धती होत्या, एकवीस काढून टाकलं नव्हतं. गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या पाठ्यपुस्तक समितीनं ते आणलं कारण पोरं खरंच अडकतात. सदुसष्ट म्हटलं की सात आधी ऐकू येतो, पोरगं ७६ लिहितं, दरवर्षी बघतो मी. पाढे म्हणवून घ्याच, माझा विरोध नाही, फक्त सहा साते बेचाळीस म्हटल्यावर सात-सात दाण्यांच्या सहा ओळी मांडून दाखव म्हणा.
आणि गोदाकाठ, "कसं केलंस" हे घरी विचारायचं हे मात्र शंभर टक्के मान्य. बापांनीही विचारावं. पुढच्या पालकसभेत हे एवढंच सांगणार आहे, करूनच दाखवतो सगळ्यांसमोर.

सानपाडा_आई
मग ती सभा रविवारी ठेवा गुरुजी. बुधवारी अकराला ठेवली तर आमच्याकडचे बाप काय, मीसुद्धा येऊ शकत नाही.