घरात साप मुक्कामाला आलाय, मारायचा नाहीये, काय करू?

बिनपंखी
नमस्कार मंडळी, जरा लवकर सल्ला हवाय. काल रात्री बाथरूमच्या भिंतीवर साप दिसला. बोटाएवढा जाड, लांबी दीडेक फूट असेल, काळपट तपकिरी रंग आणि अंगावर पिवळट पांढरे आडवे पट्टे. लाईट लावला तसा सरसर भिंतीवरून वर चढला (साप उभ्या भिंतीवर चढतो हे मला आजवर माहीतच नव्हतं) आणि गिझरच्या पाईपशेजारी जे भोक आहे त्यात गायब झाला. माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एक कातही सापडलीये, म्हणजे वाट चुकून आलेला नाही, मुक्कामालाच आहे.

घरात तीन पक्ष पडलेत. सासरे म्हणतात काठी घ्या आणि विषय संपवा. नवरा म्हणतो भोकात फिनेल ओतू. शेजारच्या काकूंनी तर कार्बोलिक ॲसिडची बाटलीच आणून दिलीये. मला मारायचा नाहीये पण घरात रांगतं बाळ आहे त्यामुळे "राहू दे बिचारा" असंही म्हणवत नाही. पट्टे आहेत म्हणजे मण्यार असेल का? झोप उडालीये अक्षरशः. फोटो टाकलाय, हलला आहे पण बघा.

चहाटळ
भोक आत्ताच्या आत्ता सिमेंटने बंद करा. विषय कट.

रातकिडा
@चहाटळ, नका हो असं सांगू. आत साप असताना भोक बुजवलं तर दोनच गोष्टी होतात, एक तर तो भिंतीत मरतो आणि मग महिनाभर वास काढत बसा, नाहीतर दुसरी फट शोधून निघतो आणि ती फट बेडरूममध्ये असू शकते. आधी साप बाहेर, मग सिमेंट. क्रम उलटा केला की फसलंच.

बिनपंखी ताई, आज रात्रीपुरतं एवढं करा. बाथरूमचं दार लावून दाराखालच्या फटीत टॉवेल घट्ट कोंबा. बाळाला आणि कुणालाच खाली जमिनीवर झोपवू नका, कॉट वापरा, मच्छरदाणी असेल तर ती गादीखाली नीट खोचून घ्या, नुसती लोंबती ठेवून उपयोग नाही. रात्री उठलात तर आधी लाईट, मग पाय. चपला झटकून घाला. बस. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन माळ्यावर शोधमोहीम काढायची नाही, सासऱ्यांनाही सांगा.

आणि फिनेल, ॲसिड काहीही ओतू नका. कार्बोलिक ॲसिडने कातडी भाजते, सापाची भाजते तशी आपलीही भाजते, आणि बाळ त्या फरशीवर रांगणार आहे. फिनेलने साप चवताळून नको त्या दिशेला बाहेर पडतो. बाटली काकूंना साभार परत.

गवतफुला
लसूण आणि गंधकाची पूड टाका, आमच्याकडे सगळे टाकतात. डांबराच्या गोळ्या पण चालतात.

रातकिडा
सगळे टाकतात आणि साप त्यावरून आरामात जातात. डांबराच्या गोळ्या तर बाळ असलेल्या घरात तशाही नकोत, एखादी तोंडात गेली तर सापापेक्षा मोठं प्रकरण होईल.

पाचोळा
फोटो झूम करून बघितला. अनेक वर्षं साप पकडण्याचं काम करतोय त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

वर्णनावरून कवड्या वाटतोय, म्हणजे बिनविषारी. घरात सापडणाऱ्या सापांमध्ये याचा नंबर फार वरचा आहे कारण याचं आवडतं खाणं म्हणजे पाली, आणि पाली कुठे असतात तर आपल्या ट्यूबलाईटखाली. रात्री फिरतो, भिंतीवर उत्तम चढतो, दिवसा फटीत पडून असतो. बिचारा मण्यार समजून सगळ्यात जास्त मार खातो. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे फिकट होत जातात, रंग तपकिरीकडे झुकतो. मण्यार काळी कुळकुळीत, चकचकीत, पट्टे बारीक पांढरे, बरेचदा जोडीजोडीने, डोक्यामागे थोडी जागा सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट दिसतात. पण मण्यारीच्या पिल्लांमध्ये आणि नुकती कात टाकायला आलेल्या सापांमध्ये रंगाचा भरवसा राहत नाही, त्यामुळे हे वाचून कुणीही "कवड्याच आहे" म्हणत हातात धरायला जाऊ नका. जाणकाराने समोर बघून सांगेपर्यंत तो मण्यारच आहे असं धरून चाला.

आता कातीबद्दल. फेकू नका, पिशवीत जपून ठेवा. कातीला रंग जवळपास नसतो पण खवल्यांची ठेवण तशीच्या तशी उतरते. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, बाकीच्या खवल्यांपेक्षा उघड मोठी. कात पूर्ण असेल तर उजेडासमोर धरली की ती रांग आहे की नाही ते दिसतं. डोळ्यांच्या जागी बघा, घड्याळाच्या काचेसारख्या दोन गोल चकत्या असतील, कारण सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचं आवरणसुद्धा कातीबरोबर निघतं. मात्र कात ताणली जाते त्यामुळे साप तिच्यापेक्षा आखूड असतो, चार फुटांची कात बघून घरात चार फुटी साप आहे म्हणून घाबरू नका.

बाहेर काढायचं कसं. सर्पमित्राला बोलावून ठेवा, माहितीत कुणी नसेल तर वनखात्याला फोन करा. साप पुन्हा दिसला तर एकाने लांबून, सात आठ फुटांवरून, फक्त नजर ठेवायची. नव्वद टक्के फोन असे असतात की आम्ही पोचतो आणि लोक म्हणतात "आत्ता इथेच होता". कुठल्या फटीत गेला एवढं कळलं तरी अर्धं काम होतं. दिसत नसेल तर झोपताना त्या भोकाखाली आणि दारापाशी टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा, सकाळी त्यावर रेघ उमटलेली असते, कुठून कुठे गेला ते कळतं.

येणाऱ्या माणसाकडेही जरा लक्ष द्या बरं का. हुक, पाईप आणि पिशवी घेऊन येणारा शांत माणूस चांगला. पाईपला मागे पिशवी बांधलेली असते, सापाला अंधारं भोक दिसलं की तो आपणहून आत शिरतो, हात लावायची गरजच पडत नाही. जो आल्या आल्या मान दाबून धरतो, गळ्यात घालतो, तुमच्या बाळाबरोबर सेल्फी काढायला सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा. मान दाबली की सापाचे मणके दुखावतात, आणि असे स्टंट करणारे चावून घेऊन मरतात हे दर वर्षीचं आहे.

सासऱ्यांना एक सांगा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप मारणं गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा पटेल अशी गोष्ट म्हणजे सर्पदंश बऱ्याचदा साप मारताना किंवा पकडताना होतो. काठी घेऊन गेलेला माणूस सापाच्या सगळ्यात जवळ असतो.

चहाटळ
बरं बाबा, माझं सिमेंट मागे घेतो. पण तरी मण्यार निघाली आणि चावली तर? नुसतं "काळजी घ्या" म्हणून भागत नाही.

पाचोळा
बरोबर विचारलंत. मण्यारीचा दंश फार फसवा असतो. रात्री झोपेत होतो, दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि घरचे त्याला ॲसिडिटीची गोळी देतात. पोटदुखीबरोबर पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलताना जीभ जड झाली, गिळता येईना, की क्षणभर थांबायचं नाही, सर्पविषावरची लस आणि व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठायचं. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, तो हातपाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवायचा, चालवायचं नाही. साप पकडून किंवा मारून हॉस्पिटलला न्यायची गरज नाही, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असते.

ओलेती
मी जरा वेगळं म्हणते. कवड्याच असेल तर राहू द्या की, पाली खाईल, दोन दिवसांनी जाईल. उगाच पकडून कुठेतरी लांब रानात सोडणं हे पण काही दयेचं काम नाही.

पाचोळा
निम्मं पटलं. लांब सोडण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. लोकांना वाटतं घनदाट जंगलात सोडला की साप सुखी. सापाला आपला टापू पाठ असतो, बिळं कुठे, पाणी कुठे, भक्ष्य कुठे. अनोळखी जागी टाकला की तो लपायचं सोडून भटकत राहतो आणि त्यात मरतो. म्हणून जिथे सापडला त्याच्या आसपासच, घरांपासून जरा आडोशाच्या जागी, दगड किंवा झुडपं बघून सोडायचा. पकडल्याची नोंद वनखात्याकडे द्यायची. पण घरात राहू द्या याला मी नाही म्हणेन, रांगणारं मूल आणि ओळख न पटलेला साप एका छताखाली नको. अंगणात, कुंपणात असता तर मीच म्हटलं असतं दुर्लक्ष करा.

रातकिडा
एक राहिलं. उंदीर पकडायचा गोंदाचा पुठ्ठा साप धरायला ठेवायची आयडिया कुणीतरी देईलच, आधीच सांगतो नको. एकदा त्यातून धामण सोडवलीये. सगळं अंग चिकटलेलं, जितकी धडपड तितकी आणखी चिकटत गेलेली, खाली खवले उचकटून आलेले. गोडं तेल थेंब थेंब सोडत, शेपटीकडून सुरू करून, कापसाने पुसत पुसत सगळी दुपार गेली. बागेतल्या नायलॉनच्या जाळ्यांचं पण तेच, साप अर्धा घुसतो आणि मग ना पुढे ना मागे.

बिनपंखी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सर्पमित्र आले होते, एक मुलगी होती खरं तर, सासरे आधी "ही काय पकडणार" असा चेहरा करून उभे. तिने कात उजेडात धरून बघितली, ती मोठ्या खवल्यांची रांग नव्हती. मग गिझरच्या मागचं प्लास्टिकचं कव्हर स्क्रू काढून अलगद पुढे ओढलं तर महाशय त्याच्या मागे उबेला वेटोळं घालून. कवड्याच! हुकने पाईपच्या तोंडाशी आणला आणि तो खरंच स्वतःहून आत शिरला, मिनिटभराचं काम. कंपाउंडच्या मागे दगडांचा ढीग आहे तिथे सोडला. सासरे आता सगळ्यांना फोन करून कवड्या आणि मण्यारीतला फरक समजावून सांगतायत, अगदी पिढीजात गारुडी असल्यासारखे.

आता भोक बुजवायचंय. प्लंबर म्हणतो फोम मारतो, पाच मिनिटांत होतं. चालेल का? आणि अजून काय काय बुजवू?

पाचोळा
छान झालं. बुजवायच्या आधी एक दोन रात्री पुन्हा पावडर टाकून बघा, दुसरा नाही ना याची खात्री होईल. रेघ दिसली आणि साप हाती लागत नसेल तर बारीक जाळीचं नरसाळं करून भोकावर बसवतात, रुंद तोंड भिंतीला, अरुंद तोंड हवेत, आतून बाहेर येता येतं पण परत जायला वाट सापडत नाही. फक्त हे भिंतीच्या बाहेरच्या बाजूला करायचं, नाहीतर घरातच सोडल्यासारखं होईल.

नुसता फोम नको, उंदीर तो कुरतडतात आणि उंदरामागून धामण नाहीतर नाग येतो. आधी भांडी घासायची स्टीलची घासणी ठासून भरा, वरून सिमेंट. करंगळी जाईल अशी प्रत्येक फट सापाला पुरते. एसीच्या पाईपचं भोक, सिंकखालून जाणाऱ्या पाईपभोवतीची जागा, एक्झॉस्ट फॅन, दाराखालची फट (तिथे रबराची पट्टी लावा), मोरीची जाळी तुटलेली असेल तर ती. जाळी घेताना मच्छरजाळीसारखी बारीक आणि स्टीलची घ्या, मोठ्या भोकांच्या जाळीत पिल्लं अडकून मरतात, आणि पावसाळ्यात पिल्लंच जास्त घरात येतात.

माळ्यावरच्या गाद्या काढून टाका. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवत असाल तर बंद करा, दिव्याला किडे, किड्यांना पाली आणि पालींना कवड्या, तिथूनच ही रांग लागते. आणि प्लंबरला म्हणावं भोक आरपार असतं, आतून बुजवून पळू नकोस, बाहेरून शिडी लावून पण बघ.