मशीनपेक्षा पट्टा तपासा

घरच्या मशीनवर पाच मिनिटांत तीन वेळा बीपी मोजलं आणि १४८, १३९, १३४ आलं म्हणून मशीनच बिघडलंय, असं इथे एकाने लिहिलंय, ते मला पटत नाही. रक्तदाब ठोक्यागणिक बदलतो. पहिलं रीडिंग जास्त येणं तर नेहमीचंच, म्हणून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायला सांगतात. मोजताना बोललं तरी आकडा सहज चढतो. (आमच्याकडे नेमकं तेव्हाच सगळ्यांना आईशी बोलायचं असतं!)

दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या मापाबद्दल मात्र अजून कुणी लिहिलेलं दिसलं नाही. बाबांचं वरचं बीपी घरी कायम १५० च्या पुढे आणि दवाखान्यात १३५ च्या आसपास. उलटं असतं तर डॉक्टरांना बघून वाढतं म्हणून सोडून दिलं असतं. शेवटी शिंप्याच्या टेपने दंड मोजला तर घेर ३५ सेंमी, आणि पट्ट्यावर बारीक अक्षरात छापलेलं २२ ते ३२. पट्टा लहान पडला की आकडा फुगतो. त्याच मशीनला मोठा पट्टा लावल्यावर घरचे आणि दवाखान्यातले आकडे जवळजवळ जुळले. गोळी वाढवायचं चाललं होतं, ते राहिलं.

शिवाय हात मांडीवर ठेवून मोजत असाल तर तेही बघा. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी खाली असला तर साधारण ७-८ अंक जास्तच दिसतात. हात टेबलावर, गरज पडली तर खाली उशी.