'शिंपीण' म्हणजे शिंप्याची बायको की शिवणारी बाई?

सुईदोरा: मार्गरीत ओडू (1863–1937) या फ्रेंच कादंबरीकार बाईंवरचा एक लेख मराठीत आणतेय, पण पहिल्याच वाक्याला अडलेय. लहानपणीच आई गेली, बाप सोडून गेला, बूर्झच्या अनाथालयात वाढल्या, मग सोलोन्य भागात शेतावर मेंढ्या राखल्या, 1881 ला पॅरिस गाठलं आणि शिवणकामावर पोट भरलं, पुढे डोळेच साथ देईनात. 1910 मधे 'मारी-क्लेर' ही पहिली कादंबरी आली, लेखक ऑक्ताव्ह मिरबोंची प्रस्तावना, त्याच वर्षी फेमिना हे फ्रेंच साहित्य पारितोषिक. अडलेला मूळ शब्द 'कुत्युरिएर', म्हणजे शिवणकाम करणारी बाई. मी 'शिंपीण' लिहिलं तर आई म्हणाली, अगं ती शिंप्याची बायको झाली!

जुनीवही: आईंचं बरोबर आहे. पाटलीण, वाणीण, सगळ्या नवऱ्यावरूनच.

बोरू: सगळ्या कशा? कोळीण स्वतः पाटी घेऊन बाजारात बसते. आणि आम्हाला चौथीपर्यंत मास्तरीणबाईंनीच शिकवलं, त्यांचे यजमान पोस्टात होते.

शब्दवेल्हाळ: संस्कृतात शिंप्याला सौचिक आहे, त्यावरून 'सौचिका' करा. नेमका आणि शुद्ध.

मोगरा: सौचिका वाचून कुणाला बोटात टोचलेली सुई दिसणार हो? आमच्या चाळीत शिवणवाल्या काकू होत्या, रात्री दिव्याखाली ब्लाउजची काजं करत बसायच्या, नजर कमी झाल्यावर सुईत दोरा ओवायला आम्हा पोरांना हाक मारायच्या, ओवून दिला की हातावर शेंगदाणे. या ओडूबाईंचं वाचून त्याच आठवल्या. 'शिवणवाली' लिहा.

जुनीवही: पण शिंपी हा शिवण्यावरून नाहीच, शिल्पी, मग प्राकृतात सिप्पी, मग शिंपी. म्हणजे लेखिकेला शोभतोच की!

सुईदोरा: व्युत्पत्ती फार आवडली, पण वाचणाऱ्याला शिल्पी नाही दिसणार, जात दिसेल. मला त्या बाईचं काम दिसायला हवंय. 'शिवणवाली' जवळचा वाटतोय. पण 1920 च्या दुसऱ्या कादंबरीच्या नावात 'आतलिए', म्हणजे कामाची जागा, आहे त्याचं काय करू? कारखाना म्हटलं की भोंगा ऐकू येतो.

बोरू: शिवणघर?

शब्दवेल्हाळ: मेंढ्या राखणारीला 'गुराखीण' लिहिलं नाही ना? गुराखी गुरांचा, मेंढरांचा तो मेंढका.

मोगरा: मग बाईला मेंढकी म्हणायचं का? आमच्याकडे नुसतं 'मेंढरामागची पोर' म्हणतात.