‘चुका करा, शिका’: पण कोणाच्या जिवावर?

धागाकर्ता:
नव्या डेव्हलपरला चुका करू द्याव्यात, या मताचा मी आहे. प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचंच बघा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने डेटाबेसची डिरेक्टरी भलत्याच सर्व्हरवर उडवली. सेकंदा-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीतले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. कंपनीने दुरुस्ती चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, सगळ्या नोंदी खुल्या ठेवल्या आणि त्या माणसाला काढलं नाही.

डीबीए_पुणे:
शिकली कंपनी, फी भरली ग्राहकांनी. सहा तासांचा डेटा कायमचा गेला. डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस, त्याची आवृत्ती ९.६ आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ चं, त्यामुळे बॅकअप फेलच होत होता. फेल झाल्याचे मेलही डीमार्कच्या (मेल खरा की बनावट हे तपासायच्या पद्धतीच्या) घोळात परत जात होते. वाचले ते त्याच इंजिनिअरने आधी सहज स्वतःच्या कामापुरता घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीमुळे. बॅकअप अधूनमधून रिस्टोअर करून बघावा, एवढं कळायला डेटाबेस उडवावा लागतो?

धागाकर्ता:
अहो, त्याला हाकलला असता तर मेलची ही भानगड तुम्हाला-मला कळली असती का? पुढच्याने गुपचूप झाकलं असतं.

बेंचवरचा:
हे प्रॉडक्ट कंपन्यांचे लाड. आमच्या सर्व्हिस कंपनीत पी-वन, म्हणजे सगळ्यात गंभीर बिघाड आला की पहिला प्रश्न, "डिप्लॉय (नवा कोड चालू) कोणी केलं?" आरसीएत, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधायच्या अहवालात, ‘मानवी चूक’ लिहून सगळे मोकळे, आणि अप्रेझलला तेच उकरून काढतात. ‘सतत शिका’ या घोषणेचं म्हणाल तर सर्टिफिकेशन रविवारी, तेही स्वखर्चाने. बिलेबल (ग्राहकाकडून पैसे घ्यायच्या) वेळेतला एक तास मागून बघा, मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं होतं.

जुनाजाणता:
दोघांशीही थोडा असहमत. अमेरिकेतली शेअर-ट्रेडिंग कंपनी नाइट कॅपिटल, १ ऑगस्ट २०१२. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला, तिथला जुना मेलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरच्या वर चुराडा. वर्षभरात कंपनी दुसरीत विलीन. धडा घ्यायला कोण उरलं? चुका स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पोटभर करा. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, एकट्याच्या हातात डिलीट देऊच नका.

बेंचवरचा:
काका, स्टेजिंगचं बजेट मागच्या तिमाहीत कापलंय.

डीबीए_पुणे:
मग आरसीएच्या फॉर्ममधून ‘मानवी चूक’ हा पर्यायच काढून टाका. बघू किती मॅनेजर सही करतात.