माणूस जाऊन तास झाला नाही तोवर हसरे व्हिडिओ? मला तरी नाही पटत

नवीपेठकर

२०२५ च्या दिवाळीत पाच दिवसात दोघं गेले. २० ऑक्टोबरला असरानी, आणि भाऊबीज होऊन दोन दिवस होत नाहीत तोवर २५ तारखेला सतीश शाह. शनिवार होता, मी दुकानात होतो, फोन सारखा वाजायला लागला म्हणून बघितलं तर शाळेच्या ग्रुपवर 'जाने भी दो यारो'चा तुकडा. तोच, शवपेटीवाला. सतीश शाह आत प्रेत होऊन पडलेत आणि प्यालेला ओम पुरी त्या पेटीला मोटार समजून गप्पा मारतोय. खाली सतरा जणांच्या हसून डोळ्यात पाणी आलेल्या इमोजी. आणि इकडं खऱ्या माणसावर अजून अंत्यसंस्कार सुद्धा झाले नव्हते. मी फोन पालथा ठेवला आणि गिऱ्हाईकाला टॉवेल दाखवायला लागलो, पण मन लागेना.

माझं म्हणणं एवढंच आहे की विनोदी नट गेला की आपण त्याला माणूस म्हणून जाऊच देत नाही. डॉ. लागू गेले २०१९ ला, तेव्हा दोन दिवस सगळे त्यांची मतं, त्यांचं वाचन, त्यांचा स्वभाव यावर नीट बोलत होते. विनोदी नटाच्या वाट्याला नुसते डायलॉग. 'हसवता हसवता रडवून गेला' हे एक वाक्य तर इतकं झिजलंय की कुणाच्याही फोटोखाली चालतं.

१६ डिसेंबर २००४. लक्ष्या गेला तो दिवस. मी एकोणीस वर्षांचा. सोलापुरात नवी पेठेत एका टीव्हीच्या दुकानाबाहेर गर्दी, काचेत सात-आठ टीव्ही आणि सगळ्यांवर एकच चॅनेल, गाडीवाले एक पाय खाली टेकवून तसेच थांबलेले. बातमी संपली आणि 'झपाटलेला'मधला तो बाहुला आणि लक्ष्याची बोबडी वळलेली, हा सीन लागला. माझ्या पुढं एक काका होते, हातात डब्याची पिशवी. ते सवयीनं हसले. खळखळून. मग त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही, सीन संपून जाहिरात लागली तरी हात तिथंच. पन्नास वर्षांचा होता हो तो माणूस फक्त.

आणि हेच आपण, १९९२ ला 'एक होता विदूषक' आला तेव्हा कुठं होतो? पुलंची पटकथा, दिग्दर्शक जब्बार पटेल म्हणजे आपल्या हरिभाई देवकरण शाळेचे विद्यार्थी, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार, आणि लक्ष्यानं त्यात जीव ओतलेला. पब्लिक फिरकलं नाही. का, तर आपल्याला तो रडताना नको होता. आता मेल्यावर पण नको.

दोन दिवस थांबा. मग टाका काय टाकायचं ते.

सोलापूर_०२१७

दोन दिवस थांबा म्हणजे काय बे, सुतक लावतो का आता?

नवीपेठकर

हो, सुतकच म्हण. घरातलं माणूस गेलं म्हणतोस ना मग घरातल्यासारखं वाग की.

सोलापूर_०२१७

बरं, घरातलंच सांगतो. माझे वडील मिलमध्ये होते. १४ मार्च १९९८ ला दादा कोंडके गेले तेव्हा मिल बंद पडलेली, वडील आणि त्यांच्या खात्यातले चार-पाच जण रोज सकाळी सवयीनं डबा न घेता घराबाहेर पडायचे आणि चहाच्या गाड्यावर बसायचे, कारण घरात बसून बायकापोरांचं तोंड बघवायचं नाही. त्या दिवशी मी शाळेतून येताना बघितलं, सगळे तिथंच होते आणि पाळीपाळीनं 'पांडू हवालदार'मधले डायलॉग म्हणत होते. एकानं सुरू केलं की दुसरा पुढचं म्हणायचा, एखादा चुकला की बाकीचे त्याच्या पाठीत घालायचे. मला लाज वाटली तेव्हा, म्हटलं ह्यांना काय कळतं का नाही. आत्ता कळतं की ती माणसं किती महिन्यांनी एकत्र हसत होती. दादा स्वतः नायगावच्या चाळीतले, गिरणी कामगाराचं पोरगं, त्यामुळं त्यांना तो आपल्यातला वाटायचा. तुमच्या हिशोबानं त्यांनी दोन मिनिटं उभं राहायला पाहिजे होतं का? ते उभे राहिले असते तर रडले असते, आणि रडायचं त्यांच्याकडं आधीच लई होतं.

तुम्ही म्हणता माणूस बघा. अरे पण दादांनी आयुष्यभर काम काय केलं? 'विच्छा माझी पुरी करा'पासून लोकांना हसवलं. सुताराच्या तेराव्याला त्यानं केलेल्या पाटावर बसतोच की आपण.

बाळीवेस_माहेर

दोघांचंही वाचलं. मी नवीपेठकरांच्या बाजूनं आहे पण माझं कारण वेगळं आहे.

मला राग येतो तो हसण्याचा नाही, त्या माणसाला रोलमध्येच कोंडून ठेवण्याचा. कोल्हापूरचे गणपत पाटील आठवतात का? तमाशापटातला नाच्या. इतकं हुबेहूब करायचे की लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच समजून टाकलं, बाजारात निघाले तरी मागनं टाळ्या. घरच्यांना सुद्धा त्याचा त्रास झाला. २००८ ला ते गेले तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी त्यांची नक्कल करून दाखवली आणि सगळे हसले. मी पण हसले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या माणसाला बायको होती, मुलंबाळं होती, आणि गेल्यावर पण त्याची ती टाळी काही सुटली नाही. आजही तो प्रसंग आठवला की मन खातं.

असरानींचंच घ्या. अंत्यसंस्कार झाले आणि मग बातमी बाहेर आली, त्यांची इच्छाच तशी होती म्हणून. इतकी वर्षं लोकांसमोर काढलेल्या माणसाला शेवटचे दोन तास घरच्यांसोबत शांतपणे हवे होते. मला वाटतं त्यांना आपण बरोबर माहीत होतो. एका तासात जेलरची मिशी फोटोला लावून गावभर फिरवली असती. बातमी आल्यावर फिरवलीच.

सोलापूर_०२१७

ताई गणपत पाटलांचं पटलं. ते हसणं आणि चहाच्या गाड्यावरचं हसणं एक नाही, हे मान्य.

पूर्वभाग

मराठीत थोडं चुकेल, समजून घ्या, घरात तेलुगू बोलतो आम्ही.

आमच्या पप्पांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली. माग चालू असला की शेजारच्या माणसाशी पण खुणेनं बोलायचं, त्यामुळं आता त्यांना ऐकू फार कमी येतं. सिनेमात डायलॉग त्यांना कळतच नाही. म्हणून त्यांना फक्त कॉमेडी नट आवडतात, कारण ते तोंडानं सांगतात. ब्रह्मानंदम नुसता मान वळवून बघतो आणि पप्पा हसतात, आवाज बंद ठेवला तरी चालतं. २०१३ ला नोव्हेंबरमध्ये तेलुगूतले कॉमेडी नट एव्हीएस गेले आणि महिना व्हायच्या आत, ७ डिसेंबरला, तसेच दुसरे, धर्मवरपु सुब्रमण्यम. पप्पांना मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी मला खूण केली, लाव म्हणून. आम्ही धर्मवरपुचे सीन लावले आणि त्यांनी सगळे बघितले. हसले पण, आणि मधेच डोळे पुसले, आणि परत हसले.

आता ह्यात दोन दिवस थांबायचं कुठून आणायचं मला समजत नाही. त्यांच्याकडं दुसरं काय आहे त्या माणसाचं? त्यांनी त्याचा आवाज पण कधी नीट ऐकला नाही.

नवीपेठकर

पूर्वभाग, तुमचं वाचून दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. पप्पांना माझा नमस्कार सांगा. (कागदावर लिहून.)

पण मी तरी म्हणतो की पप्पांनी जे केलं ते आणि ग्रुपवर सतरा इमोजी हे सारखं नाही. पप्पा बसले. पूर्ण बघितलं. ग्रुपवाल्यांनी दहा सेकंद बघितलं, हसले, आणि पुढच्या मिनिटाला एकानं फ्लॅट विकायची जाहिरात टाकली.

मोडनिंबचा

सगळे मेल्यावरचंच बोलताय राव. जिवंतपणीचं बोला की कुणीतरी.

विजय चव्हाण. 'मोरूची मावशी' म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेला माणूस. राज्याचा व्ही. शांताराम जीवनगौरव कधी मिळाला, एप्रिल २०१८. गेले कधी, २४ ऑगस्ट २०१८. चार महिने. त्यांच्यासोबत मावशीत काम केलेले प्रदीप पटवर्धन २०२२ ला गेले, तेव्हा परत तेच गाणं सगळ्यांच्या स्टेटसला. लक्ष्याला पद्म नाही, दादांना पद्म नाही. अशोकमामांना पद्मश्री मिळाली ती २०२५ ला, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, आणि १९७५ च्या 'पांडू हवालदार'मध्ये ते दादांबरोबर होते म्हणजे हिशोब करा किती वर्षं लागली सरकारला हसायला.

आमच्या गावाला तमाशा, लावणीची कला केंद्रं आहेत. फडातला सोंगाड्या गेला तर पेपरात चार ओळी पण येत नाहीत. ज्या माणसाच्या जोरावर वगनाट्य रात्रभर चालतं, राजाला पण जो बोल लावतो, तो म्हातारा झाला की फडाच्या ट्रकमधनं उतरतो आणि विषय संपला. त्याचा व्हिडिओ पण नसतो कुणाकडं फॉरवर्ड करायला. तुम्ही हसून निरोप द्यायचा का रडून यावर भांडताय, आमच्याकडं निरोपच नाही. गड्ड्याच्या यात्रेत, उरुसात, कुठंही फड दिसला तर तिकीट काढून बसा, एवढंच सांगतो.

बाळीवेस_माहेर

हे खरं आहे दादा. सोंगाड्याचं नाव विचारायचं आम्हाला कधी सुचलंच नाही, नुसतं 'तो हसवणारा' म्हणायचो.

सातरस्ता

मी सहसा लिहीत नाही, एका हातानं टाईप करतोय, चुका माफ.

माझं आठवड्यातनं तीनदा डायलिसिस असतं, चार-चार तास. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. चौथ्या तासाला पायात असे गोळे येतात की माणूस देवाला पण शिव्या देतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोण येतं कोण जातं, एक दिवस खुर्ची रिकामी दिसते, आपण विचारत नाही. अशात मी उजव्या कानात इयरफोन घालून लक्ष्या बघतो. रोज तेच सीन. एकदा 'बनवाबनवी'त सुधीर जोशी घरमालक म्हणून आले, आणि मला असं हसू फुटलं की हात हलला आणि मशीन बोंबलायला लागलं, सिस्टर धावत आली, "काका हलू नका ओ." मग तिनं पण फोनमध्ये बघितलं आणि ती पण हसली, सुई नीट करता करता.

लक्ष्याला किडनीनंच नेलं, हे मला माहीत आहे. मी बघताना ते विसरत नाही. तुम्ही म्हणता आपण माणूस बघत नाही, मी तर तोच बघतो हो, म्हणतो हा पण इथंच असा पडला असेल, ह्याच्या पण पायात गोळे आले असतील, आणि तरी बघ कसा नाचतोय.

आणि नवीपेठकर, तुमच्या ग्रुपवर नसलो तरी शवपेटीचा तो व्हिडिओ मी पण त्या संध्याकाळी पाठवला होता, चार जणांना. पाचच मिनिटांत. तुम्ही लिहिलंय म्हणून कबूल करतो. प्रेत झालेला माणूस इतका वेळ तसा पडून राहतो, द्रौपदी करून साडी नेसवून उभा केला तरी डोळ्याची पापणी हलू देत नाही, त्याला केवढी ताकद लागत असेल. मी बघितलं आणि मला त्या दिवशी मरणाची भीती थोडी कमी वाटली. म्हणून पाठवला. ते चौघं पण डायलिसिसवालेच आहेत.

सोलापूर_०२१७

काका…

नवीपेठकर

सातरस्ता काका, काल रात्री तुमचं वाचलं आणि उत्तर सुचलं नाही म्हणून आज लिहितोय.

तुमच्यासाठी माझं म्हणणं मागं घेतो. सगळ्यांसाठी नाही घेत. ज्याला त्या माणसाशी काही देणंघेणं नाही, नुसतं पहिलं टाकायचंय म्हणून टाकतो, त्यानं थांबावं असं मला अजून वाटतं आणि वाटत राहील. पण त्या सतरा जणांत पण कोण कुठल्या खुर्चीवर बसून हसत होतं हे मी विचारलं नव्हतं. त्यातल्या एकाची बायको ऑगस्टमध्ये गेली. मला माहीत होतं आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याला आज फोन केला.

एक विचारायचं होतं. 'एक होता विदूषक' बघितलाय का तुम्ही?

सातरस्ता

नाही बघितला. आला तेव्हा मित्र म्हणाले रडका आहे, म्हणून आम्ही दुसऱ्या पिक्चरला गेलो.

नवीपेठकर

माझ्याकडं जुनी सीडी आहे, चालते अजून. फोनवर घालून देतो. लांब आहे पण, आणि हसायला कमी आहे त्यात.

सातरस्ता

चार तास असतात माझ्याकडं. उद्या सकाळी सातला लागतो मी मशीनवर, साडेसहाला सात रस्त्याच्या रिक्षा स्टॉपवर आलात तर बरं होईल. निळा स्वेटर असेल. चहा मला चालत नाही, पाणी मोजून असतं, तुम्ही घ्या.

पूर्वभाग

काका तो पिक्चर बघून झाला की सांगा, आवाज बंद ठेवून कळतो का ते. पप्पांना लावायचाय.