मदत हवी आहे: घरच्या वायनरीत यायचं, पण आधी शिक्षण की हंगाम?

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळ आमची छोटी वायनरी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. द्राक्षं घाटावरून ट्रकने येतात, बहुतेक बंगलोर ब्लू. वाईन गोड, पोर्ट नावाच्या कडक वाईनच्या धाटणीची. रस आंबत असताना मध्येच स्पिरिट घालून यीस्ट थांबवायचं, म्हणजे साखर शिल्लक राहते. ती वेळ सासरे अजून टाकीवर वाकून वासावरून ठरवतात, हायड्रोमीटर (रसातली साखर मोजायची काचेची नळी) नंतर बुडवतात. आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात, हा वैताग वेगळाच!

मुलगा यंदा केमिस्ट्री घेऊन बीएससी झाला. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईनचं एमएससी करायचं म्हणतो. आजोबा म्हणतात, आधी जानेवारी ते मार्च नाशिककडे एक हंगाम काढ, पाइप धू, टाक्या घास. मला आजोबांचं पटतं.

तिथे शिकलेलं कुणी आहे का? हाताने काम कितपत करायला मिळतं? नाशिकला नवख्याला हंगामापुरतं घेतात का, राहायची सोय असते का? आणि घरच्या धंद्यात मुलाला तुम्ही पगार लावलात की भागीदारी दिलीत? आमच्याकडे हा विषय निघाला की सगळ्यांना अचानक कामं आठवतात.